पोराला छळणाऱ्यांना शिक्षा हवीय, पण हे ऑनलाइन जे चाललंय ते कसं थांबवू? (सांगली)

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, मुलगा नववीत आहे. मागच्या आठवड्यात क्लास सुटल्यावर पार्किंगमध्ये दहावीच्या तीन पोरांनी त्याला अडवलं, चष्मा काढून घेतला, कान धरून उठाबशा काढायला लावल्या आणि "मी बायल्या आहे" असं म्हणायला लावून व्हिडिओ काढला. चष्मा मोडला. गालात दोन बसल्या त्याचं एवढं नाही, पण पोरगं रडतंय आणि मागून हे फिदीफिदी हसतायत, मला तो व्हिडिओ अजून पूर्ण बघवलेला नाही.

आधी तो त्यांच्याच ग्रुपवर फिरत होता. माझ्या दिरांच्या हाती लागला, त्यांनी संतापून गावातल्या एका पेजवाल्याला दिला, की पोरांना अद्दल घडू दे. तिथून जे सुटलंय ते आता कुणाच्याच हातात राहिलेलं नाही. पोरांची नावं, फोटो, शाळा, राहायचा पत्ता सगळं टाकलंय. एकाच्या वडिलांचं मार्केट यार्डात अडतीचं दुकान आहे तर लोक तिथं जाऊन लाइव्ह करतायत. एकाच्या बहिणीला नको नको ते मेसेज. आणि कमेंटमध्ये आडनावावरून जात काढून लोकांची जुंपलीय, त्यात माझ्या लेकराला काय झालं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. व्हिडिओत चौथा एक मुलगा आहे, आठवीतला, तो नुसता दप्तर धरून कडेला उभाय, त्यालाही याच तिघांत धरलंय. त्याच्या आईचा रात्री फोन आला, पोरगा जेवत नाही, खोलीचं दार लावून बसतो म्हणून रडत होत्या. मला काय बोलावं सुचेना.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माझ्या मुलाचा चेहरा कुणी झाकलेला नाही हो! जितक्या वेळा कुणी "या हरामखोरांना पकडा" म्हणून शेअर करतो तितक्या वेळा माझं पोरगं परत सगळ्यांसमोर उठाबशा काढतं. तो शाळेत जायला तयार नाही.

याचा अर्थ मी सोडून देणार असा कुणी काढू नका. क्लासवाले म्हणतात मिटवून घ्या, त्यांचं दहावीचं वर्ष आहे. माझ्या पोराचं वर्ष नाहीये का? तीन जणांनी मिळून एकट्याला धरायचं आणि वर शूटिंग करायचं याला मस्करी म्हणत नाहीत. शिक्षा झालीच पाहिजे, पण ती ज्याचं काम आहे त्यानं ज्याच्या त्याच्या चुकीएवढी करावी, सगळ्या गावानं मिळून पंधरा वर्षांच्या पोराच्या बहिणीला शिव्या घालून नाही. पोलिसांत गेलं तर नेमकं काय होतं? हे म्हणतात की गुन्हा नोंदला की त्या पोरांचं आयुष्य जातं आणि मग त्यांचे घरचे आपल्यावर दात धरतात. आणि व्हिडिओ कसा काढायचा? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

मिरजकर:

ताई, वाईट वाटलं वाचून. पण खरं सांगू, लोक चिडतात कारण कायद्याने काही होत नाही हे बघितलंय. मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला त्या पोर्शे गाडीखाली दोघं गेले आणि ती चालवणाऱ्या अल्पवयीन पोराला ३०० शब्दांचा निबंध! व्हिडिओ बाहेर आला नसता तर तुमच्या क्लासवाल्यानं फोनसुद्धा उचलला नसता.

कोर्टवारी (वकिली करते):

मिरजकर, निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. आणि पुढचंही लक्षात ठेवा, आरडाओरडा झाल्यावर त्याला निरीक्षणगृहात ठेवलं, ते आदेश बेकायदा ठरवून जूनमध्ये मुंबई हायकोर्टानं त्याला सोडायला लावलं. गर्दीच्या रेट्यानं घेतलेला निर्णय कोर्टात टिकत नाही.

ताई, तुमच्याबद्दल. आधी लिंक, स्क्रीनशॉट, तारीख-वेळ सगळं जपून ठेवा, मग पोस्ट रिपोर्ट करा, त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर टाका. पेजवाल्याला स्पष्ट लिहा की यात अल्पवयीन मुलं आहेत. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. चौकशी किंवा तपास चालू असलेल्या प्रकरणात मुलाची ओळख उघड करता येत नाही, ज्याने त्रास दिला त्याचीही आणि ज्याला झाला त्याचीही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पोलीस स्टेशनला बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, त्यालाच भेटा. अशा प्रकरणात सहसा एफआयआर होत नाही, डायरीला नोंद होते आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. ते समज देऊ शकतात, समुपदेशन लावू शकतात, समाजसेवा करायला लावू शकतात, आईबापांना दंड करू शकतात, देखरेखीखाली ठेवू शकतात. आयुष्य जातं हे खरं नाही, पुढे नोकरीला वगैरे हे आड येऊ नये अशी कायद्यातच सोय आहे. आयुष्य जातं ते नाव-फोटो इंटरनेटवर राहिल्यानं. मुलासाठी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर पण बोला.

साताऱ्याच्या बाई:

मी साताऱ्यात हायस्कूलला शिकवते. चौघांना एका मापात मोजू देऊ नका. ठरवणारा वेगळा, मोबाइल धरणारा वेगळा, कडेला उभा राहिलेला वेगळा. आमच्याकडे असं झालं तेव्हा पोरांना ज्या ज्या ग्रुपवर टाकलं तिथं स्वतः लिहायला लावलं की आम्ही चूक केली, डिलीट करा, आणि मोडलेल्या वस्तूचे पैसे घरून न घेता सुट्टीत काम करून फेडायला लावले. पोरांना ते सस्पेन्शनपेक्षा जड गेलं, सस्पेन्शनमध्ये ती घरी झोपतात. आणि माफीचा कार्यक्रम सगळ्यांसमोर नको. तुमच्या मुलाला त्यांचं तोंड बघायचं नसेल तर जबरदस्ती करू नका, आधी त्याला विचारा त्याला काय हवंय.

कृष्णाकाठची:

बाई, आज विचारलं. म्हणाला व्हिडिओ जाऊ दे, चष्मा भरून दे आणि ते तिघे माझ्या बॅचच्या वेळेला क्लासला नकोत. आठवीच्या मुलाचं नाव पोलिसांत देऊ नको म्हणाला, चष्म्याची काडी त्यानंच उचलून आणून दिली होती म्हणे, हे मला आजच कळलं. दिरांनी पेजवाल्याला फोन केलाय, त्यानं नावं काढली पण व्हिडिओ ठेवलाय, "लोकांना कळलं पाहिजे" म्हणतो. आता कोर्टवारीताईंनी लिहिलेलं कलम घालून लेखी पाठवते. उद्या सकाळी मी आणि हे पोलीस स्टेशनला जातोय. त्या आठवीच्या मुलाबद्दल तिथं काय सांगायचं, साक्षीदार म्हणून चालेल का? आणि सांगली-मिरजेत या वयाच्या मुलांशी नीट बोलणारं कुणी समुपदेशक माहिती असेल तर कळवा, घरी माझ्याशी तो एवढंच बोलतो.