न्यूझीलंड : दोन बाइक नेण्यासाठी जपानी वापरलेली हायएस घेताना काय बघावं?

ऑकलंडचा_पक्या

मंडळी, जपानहून आलेली वापरलेली टोयोटा हायएस व्हॅन घ्यायचा विचार पक्का आहे. न्यायच्या बाइक दोन : रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर 650 आणि होंडा सीआरएफ300एल. जाणं-येणं हॅम्प्टन डाउन्सच्या ट्रॅकवर, रिव्हरहेडच्या जंगलात, आणि फेब्रुवारीत फेरी बोटीने दक्षिण बेटावर, इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रो चॅलेंज या बाइक-शर्यतींच्या मेळाव्यापर्यंत. वर्षाला सगळं मिळून 8,000 किमीच्या आसपास. ट्रेलर ठेवायला जागा नाही, त्यामुळे तो सल्ला नको.

प्रश्न असे : थेट जपानी लिलावातून मागवावी की इथल्या डीलरकडून? पेट्रोल की डिझेल? साध्या लांबीच्या गाडीत दोन बाइक बसतात का, की सुपर लाँगच हवी? आणि चढवणं-बांधणं याबद्दल जेवढं सांगाल तेवढं.

चेसिस_नंबर

गाडी शोधण्याआधी टेप घेऊन बाइक मोजा. 200 मालिकेच्या (2004 पासूनची) साध्या लाँग डीएक्स (कामाचं साधं मॉडेल) व्हॅनमध्ये पुढच्या सीटमागे 3000 मिमी लांब, 1520 रुंद, 1320 उंच जागा मिळते. इंटरसेप्टरचं हँडल साधारण 790, सीआरएफचं 820. बेरीज 1610, म्हणजे हँडलला हँडल लावून शेजारी-शेजारी बसणार नाहीत, पुढे-मागे सरकवाव्या लागतील. इंटरसेप्टर 2122 मिमी लांब, सीआरएफ 2230. जड बाइक पुढे भिंतीला टेकवा आणि हलकी 500-600 मिमी मागे ठेवा. मागची बाइक 2830 ला संपते. मागचं दार वरच्या बाजूला आत झुकलेलं असतं आणि सीआरएफचं शेपूट उंच आहे, तेव्हा फरशीवरचे उरलेले 170 मिमी वर तेवढे राहत नाहीत. घेण्याआधी एकदा बाइक घालून दार लावून बघता आलं तर सोन्याहून पिवळं.

उंचीलाही हाच न्याय. मागच्या दाराची चौकट आतल्या 1320 पेक्षा ठेंगणी आहे. तुमच्या दोन्ही बाइक आरसे काढून जातील. उंच काचेच्या ॲडव्हेंचर बाइकसाठी मात्र हाय-रूफ लागते. सुपर लाँग 5380 मिमी लांब, 1880 रुंद. ती घरच्या ड्राइव्हवेत आणि पार्किंगच्या इमारतीत रोजची डोकेदुखी होते. दोन बाइकसाठी माझं मत साध्या लाँगला.

सुपर जीएल (हायएसचंच सजवलेलं मॉडेल) दिसायला छान असते, त्यामुळे यार्डात तीच पुढे उभी करतात. तिची मागची सीट उघडी असली की फक्त 1855 मिमी उरतात, आणि दुमडली तरी सीटचा गठ्ठा तिथेच राहतो. आतल्या बाजूला मऊ पॅनेलं, त्यावर फूटपेगचे ओरखडे ठरलेले. तुम्हाला हवी ती पत्र्याच्या भिंतींची, दोन किंवा तीन सीटची डीएक्स.

आता लिलाव की डीलर. 1 मार्च 2020 पासून इथे येणाऱ्या वापरलेल्या हलक्या गाड्यांना ईएससी म्हणजे स्थिरता नियंत्रण लागतं. हायएसमध्ये टोयोटा त्याला व्हीएससी म्हणते आणि जुन्या डीएक्समध्ये ते नसतं. त्यामुळे लिलावात स्वस्त दिसणारी जुनी गाडी बोटीत चढवून उपयोग नाही, तिला इथे नोंदणीच मिळणार नाही. त्याआधी आलेल्या गाड्या इथल्या इथे विकल्या जातात, त्यांना अडचण नाही. थेट मागवलीत तर गाडी + भाडं + विमा यावर 15% जीएसटी, बंदरावर जैवसुरक्षेची तपासणी (माती, बी-बियाणं सापडलं की धुलाईचं बिल तुमचं, सप्टेंबर ते एप्रिल स्टिंक बग या किड्यासाठी वेगळे उपचार), मग एंट्री सर्टिफिकेशन, म्हणजे नोंदणीआधीची तांत्रिक तपासणी. एकाच गाडीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

नोंदणीकृत डीलरकडून घेतली तर कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्ट लागू होतो, आणि वाद झाला तर मोटर व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रिब्युनल आहे. खासगी विक्रेत्याकडून घेतली तर यातलं काही नाही. काचेवरचं ग्राहक माहितीपत्रक वाचा : आयात करताना गाडी 'डॅमेज्ड' नोंदली होती का, ते त्यावर असतं.

डीलरकडे लिलावाचा मूळ कागद मागा. 4 किंवा 4.5 ही श्रेणी काम करणाऱ्या व्हॅनसाठी उत्तम, 3.5 चालते. 'आर' म्हणजे अपघातानंतर दुरुस्त. आकृतीवर ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीच्या खुणा. हे सगळं सोडून द्या, व्हॅनला पोचे असायचेच. थांबायचं ते एस आणि सी दिसल्यावर. एस गंज, सी सडणं.

लिलाव साप्पोरो, तोहोकू किंवा निगाताचा असेल तर गाडी बर्फात आणि रस्त्यावरच्या मिठात वाढलेली असण्याचा संभव मोठा. फोर-व्हील ड्राइव्ह (केडीएच206) बऱ्याचदा तिकडचीच असते. खाली झोपून टॉर्चने बघा : मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर, चेसिसच्या लांब बीमचे जोड, स्पेअर व्हीलच्या वरचा भाग, सरकत्या दाराखालचा उंबरा, पुढच्या पायऱ्यांचे खळगे, विंडस्क्रीनची खालची कड. सगळं खालून ताजं काळंकुळीत रंगवलेलं असेल तर ते गंजापेक्षा वाईट, कारण खाली काय आहे ते कळतच नाही. बीममध्ये गंज निघाला की साधं वेल्डिंग चालत नाही, रिपेअर सर्टिफायरची सही लागते.

टायर बघा. या गाडीला 195/80 आर15, 107/105 एलटी टायर येतात. 107 म्हणजे एका टायरवर 975 किलो. हौसेने अलॉय लावलेल्या गाड्यांवर कारचे टायर सापडतात, ते भार घेत नाहीत. बाजूवरचा चार आकडी कोडही वाचा : आधीचे दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

ग्लो_प्लग

वरच्या प्रतिसादात इंजिनाचं राहिलं. 8,000 किमीसाठी डिझेल घेऊ नका. डिझेलला आरयूसी (रोड युजर चार्जेस, किमीवर आगाऊ भरायचा रस्ता-कर) आहे, हलक्या गाडीला 1000 किमीला 76 डॉलर. तुमचे वर्षाचे 608 झाले. पेट्रोलमधला कर पंपावरच भरला जातो, त्यामुळे डिझेल पंपावर स्वस्त दिसतं ते अर्धंच खरं. डिझेल घेतलीत तर काचेवरच्या आरयूसी लेबलचा शेवटचा आकडा ओडोमीटरशी ताडून पाहा. गाडी पुढे पळालेली असेल तर थकबाकीचा विषय सही करण्याआधी मिटवा.

3.0 लिटर 1केडी डिझेल इंजिन ओढायला मजबूत, पण त्याची एक खोड ठरलेली. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याच्या वॉशरसारखी सीट असते. ती गळू लागली की जळलेला वायू वर तेलात शिरतो, काजळी होते, आणि ती संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेल ओढणाऱ्या जाळीवर बसते. मग तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंगं जातात. म्हणून सीट वेळेवर बदलल्याचं बिल विचारा, नसेल तर संप उतरवून जाळी बघण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. स्कॅनर लावून आयडलला इंजेक्टरचं करेक्शन बघा : ±3 च्या आत बरं, त्यापलीकडे खर्च जवळ आलाय. थंड इंजिन चालू करताना टकटक ऐका. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

त्यातच जपानी डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. ऑकलंडच्या ट्रॅफिकमध्ये छोट्या फेऱ्या मारल्या की काजळी जळायला लागणारी उष्णता मिळत नाही आणि तो तुंबतो. टायमिंगला बेल्ट आहे, दीड लाख किमीच्या आसपास बदलावा लागतो.

पेट्रोलचं 2.0 (टीआरएच200) किंवा 2.7, दोन्हींना चेन. दोन बाइक, दोन माणसं आणि हत्यारं घेऊन बॉम्बे हिल्स चढताना 2.0 आरडाओरडा करतं, पण चढतं. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलून कूलंटचे वाळलेले डाग शोधा. मागे हीटर असलेल्या गाडीत फरशीखालून पाण्याच्या लोखंडी नळ्या जातात, त्या गंजून फुटतात, तेव्हा त्याही बघा.

निसानची एनव्ही350 कॅरॅव्हनही बघायला हरकत नाही. तिची फरशी 3050 मिमी आहे आणि सहसा हायएसपेक्षा स्वस्त मिळते, कारण 'हायएस' या नावालाच इथे वेगळे पैसे पडतात.

पट्टा_आवळा

बांधण्याचं मी सांगतो.

फरशीवर आधी 12 मिमी प्लायवूड. आतल्या पॅनेलला स्क्रूने लावलेल्या कड्यांना बाइक बांधू नका, पातळ पत्रा पहिल्याच जोरदार ब्रेकला फाटतो. कडी आरपार बोल्टने बसवा : 8.8 दर्जाचा 10 मिमी बोल्ट, खालून 80 मिमी चौरस, 4-5 मिमी जाड पोलादी तुकडा. ड्रिल मारण्याआधी खाली वाकून टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून जातं ते खुणा करून घ्या. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर आणि सीलंट, नाहीतर चिखलाच्या बाइकचं पाणी तिथूनच गाडी खायला सुरुवात करतं.

पुढच्या चाकासाठी फरशीला बोल्ट केलेला व्हील चॉक (चाक पकडणारा खाचा) प्रत्येकी एक. पट्टे बाइकला चार. पुढचे दोन फोर्कच्या खालच्या यॉकला (फोर्कचे दोन्ही पाय जोडणाऱ्या पट्टीला) मऊ लूप घालून, पुढे आणि बाहेर, साधारण 45 अंशांत. हँडलच्या टोकाला बांधू नका, पट्टा ग्रिपवर सरकतो आणि हँडल फिरतं. फोर्क एक तृतीयांश ते अर्धा दबला की पुरे. रॅचेटने आणखी दोन खट ओढायचा मोह होतो, त्याने ऑइल सील जातात. सीआरएफचा प्रवास लांब आहे, तिच्या पुढच्या चाकात आणि मडगार्डमध्ये लाकडी ठोकळा किंवा फोर्क ब्रेस घाला. मग खड्ड्यात फोर्क आणखी दबून पट्ट्याचा हूक निसटत नाही.

मागचे दोन पट्टे मागे आणि खाली. त्यांचं काम मागचं चाक बाजूला उडू न देणं, जोरात आवळायची गरज नाही. साइड स्टँड वर. स्टँडवर उभी ठेवून आवळली तर स्टँडचा जोड वाकतो आणि वळणावर विरुद्ध बाजूचा पट्टा सैल पडतो. पहिल्या 10-15 किमीनंतर थांबून पट्टे परत तपासा, कारण सस्पेंशन बसतं आणि पट्टे ढिले पडतात. हे टाळू नका.

सीटमागे जाळीची भिंत हवीच. तुमच्या पाठीमागे साडेतीनशे किलो लोखंड असणार आहे.

ऑकलंडचा_पक्या

पेट्रोल डीएक्सवर ठरलं. आता चढवणं. बहुतेक वेळा मी एकटाच असेन. सीआरएफ ठीक, पण इंटरसेप्टर पेट्रोल भरून 215 किलोच्या पुढे जाते.

पट्टा_आवळा

फरशी जमिनीपासून साधारण 620 मिमी. 1.8 मीटरचा रॅम्प लावला तर चढ 20 अंश, 2.4 मीटरचा लावला तर 15. एकट्याला हा फरक फार जाणवतो. तेव्हा 2.4 मीटर, दुमडणारा, ॲल्युमिनियमचा, किमान 350 किलो क्षमतेचा. शिवाय शेजारून चालायला दुसरी अरुंद फळी, कारण बाइक वर गेली की तुम्ही 620 मिमी खाली राहता आणि नेमकी तेव्हाच ती कलते.

रॅम्पची जीभ प्लास्टिकच्या बंपरवर नाही, आतल्या पत्र्याच्या उंबऱ्यावर टेकू द्या. रॅम्प पट्ट्याने गाडीला बांधा, नाहीतर मागचं चाक चढताना तो मागे लाथाडतो. हे सगळ्यात जास्त वेळा होणारं आणि सगळ्यात महागात पडणारं. गाडी उताराच्या वरच्या बाजूला नाक करून कधीच उभी करू नका, रॅम्पचा चढ वाढतो. उलट मागची चाकं फुटपाथच्या कडेच्या खळग्यात उतरवली तर 100 मिमी सहज वाचतात.

इंटरसेप्टरला इंजिनच्या जोरावर चढवू नका. क्लच सुटला की ती थेट जाळीत. पुढच्या भिंतीला 12 व्होल्टचा छोटा विंच बसवा, दोर खालच्या यॉकच्या लूपला, एका हातात रिमोट, दुसऱ्याने हँडल. वर कडेला टेकताना पोट घासतं का ते पहिल्यांदा हळू बघा, डबल स्टँड लावलेला असेल तर तो अडकतो.

उतरवताना मागे मागे यायचं असतं आणि पाय मागच्या ब्रेकवर पोचत नाही. नुसता पुढचा ब्रेक उतारावर घसरतो, कारण वजन सगळं मागच्या चाकावर गेलेलं असतं. इंजिन बंद, पहिला गियर, आणि क्लचची मूठ हाच मागचा ब्रेक समजा : दाबली की चाक सुटतं, सोडली की थांबतं.

ग्लो_प्लग

फेरीबद्दल राहिलं. कुक स्ट्रेटमध्ये गाडी कधी कधी तासन्‌तास डोलते आणि तुम्ही वर डेकवर असता, गाडीजवळ थांबता येत नाही. चढण्याआधी रांगेत पट्टे पुन्हा ओढा, हँडब्रेक लावा, गियरमध्ये ठेवा, अलार्मचा हालचाल-सेन्सर बंद करा. बाइकच्या टाक्या गच्च भरू नका, जागा सोडा. जुनी कार्ब्युरेटरची बाइक असेल तर पेट्रोलचा कॉक बंद. वेगळा कॅन न्यायचा असेल तर बुकिंग करतानाच विचारा.

चेसिस_नंबर

विमाही बघा. इथे गाडीचा विमा सक्तीचा नाही, म्हणून बरेच जण व्हॅनचा नुसता थर्ड पार्टी घेतात आणि आत ठेवलेल्या बाइक त्यात धरल्या जातात असं समजतात. व्हॅनच्या पॉलिसीत आतला माल सहसा नसतो. बाइकच्या पॉलिसीत 'दुसऱ्या वाहनातून नेताना' आणि 'ट्रॅकवर' या दोन ओळी शोधा, दुसरी बहुतेक वगळलेली असते. पुढे कधी मागे सीट वाढवायची झालीच तर सीट आणि बेल्टच्या बैठकींना एलव्हीव्ही (बदल केलेल्या गाड्यांचं) प्रमाणपत्र लागेल, कडी-चॉकला नाही.