ऑटोमॅटिक घड्याळ सारखं बंद पडतंय, मदत हवी आहे

घाईतला_काटा: ऑटोमॅटिक घड्याळ आहे. दिवसभर हातात असतं, तरी रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. कधी तर संध्याकाळी हातातच थांबतं. हलवलं की चालू. नुकतंच दुरुस्तीला देऊन आणलंय, तेलपाणी झालंय, फरक शून्य. "सेल बदला" सांगू नका, यात सेल नसतो. जाणकारांनी लवकर सांगा.

भिंगवाला: मशीन (आतली यंत्रणा) कुठल्या कंपनीचं? ईटीए, सीको, मियोता? चावी देता येते का? पूर्ण चावी दिल्यावर किती तास चालतं? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

निवांत_जीव: वाइंडर (घड्याळ आपोआप फिरवणारी पेटी) घ्या. रोज ६५० फेऱ्या, दोन्ही दिशांनी. विषय संपला.

भिंगवाला: विषय संपत नाही, झाकला जातो. हाताबरोबर फिरणारं वजन, म्हणजे रोटर, स्प्रिंग भरत नसेल तर वाइंडरमध्ये तोच रोटर काय वेगळं करणार?

लोहचुंबक: चुंबकत्व बसलंय. स्पीकर किंवा टॅबलेटच्या कव्हरजवळ ठेवता का? होकायंत्र जवळ नेऊन बघा, सुई हलली तर डीमॅग्नेटायझर फिरवा.

भिंगवाला: चुंबकत्वाने हेअरस्प्रिंगचे (वेळ राखणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे धावतं. इथे वेळेची तक्रारच नाही, थांबण्याची आहे. होकायंत्राने तपासायला हरकत नाही, पण ते पहिलं काम नव्हे.

मध्यरात्र: नेमकं किती वाजता थांबतं? १२ च्या आसपास थांबत असेल तर तारखेची चकती अडतेय. बॅलन्सची (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाची) ताकद आधीच कमी असली की तारीख ढकलताना दम तुटतो. आणि रात्री ९ ते ३ च्या मध्ये तारीख क्विक-सेटने (काटे न फिरवता थेट) बदलत असाल तर ते थांबवा, दात मोडतात.

घाईतला_काटा: ईटीए २८२४-२ मशीन आहे. वाट्टेल त्या वेळी थांबतं. आता उत्तर सांगा.

भिंगवाला: उत्तर तुमच्याच हातात आहे. चावीचे ४० वेढे द्या, डायल वर करून टेबलावर ठेवा, हात लावू नका. हे मशीन साधारण ३८ तास चालायला हवं. १५-२० तासांत थांबलं तर स्प्रिंग, बॅरल (स्प्रिंगचा डबा) किंवा चाकांतली घाण. पूर्ण चाललं तर मशीन ठणठणीत, दोष फक्त रोटरकडून स्प्रिंगकडे जाणाऱ्या भागात. आणि चावी देताना पाठ कानाशी धरा, आत भर्रर्र आवाज येतो का ते सांगा.

क्वार्ट्झप्रेमी: साधं क्वार्ट्झ (सेलवरचं) घड्याळ महिन्याला १५-२० सेकंद चुकतं. हा उपद्व्याप कशाला?

गॅस्केट: पाठ उघडलीत तर रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय बंद करू नका. रिंग सपाट झाली असेल तर बदला. ५० मीटर लिहिलंय म्हणून पोहायला घालू नका.

घाईतला_काटा: पोहण्याचं कोणी विचारलं? असो. टेबलावर ३९ तास चाललं. चावी देताना आवाज येतो, भिंगरी सुटल्यासारखा.

भिंगवाला: मग निदान झालं. आवाज रोटरचा आहे. या मशीनमध्ये रोटर दोन्ही दिशांनी चावी भरतो आणि त्यासाठी आत दोन रिव्हर्सिंग व्हील्स आहेत. प्रत्येकात बारीक पंजे, एका दिशेला पकडणारे, उलट दिशेला सोडणारे. हाताने चावी देताना ते मोकळे सुटायला हवेत. चिकटले की चावीबरोबर रोटरलाही ओढत नेतात आणि हातावर असताना धड पकडत नाहीत, म्हणून स्प्रिंग भरतच नाही. आता हाताने चावी देणं बंद करा, दातांवर ताण येतो.

आणि "तेलपाणी" म्हणजे खोलून धुतलं की झाकण उघडून थेंब सोडला? झाकण काढल्यावर समोर हीच बाजू येते, थेंब नेमका इथे पडतो.

घाईतला_काटा: तासाभरात परत दिलं होतं.

भिंगवाला: तासाभरात मशीन खोलून धुऊन जोडून होत नाही. थेंबच.

टिकटिक: पंजे कोरडे पडले तरी हेच होतं. ९०१० (घड्याळाचं तेल) चा एक थेंब द्या, सुटतील.

भिंगवाला: अहो, थेंबानेच तर चिकटलेत! रिव्हर्सिंग व्हीलला साधं तेल देतच नाहीत. बेंझिनमध्ये (पेट्रोलसारख्या द्रावकात) धुवायचं, ल्युबेटा व्ही१०५ मध्ये (द्रावकात मिसळलेल्या वंगणात) बुडवायचं, निथळून पूर्ण वाळू द्यायचं. द्रावक उडून जातं, पातळ थर तेवढा उरतो. ९०१० आत साचतं, धूळ धरतं.

सीकोभक्त: म्हणून सीको घ्यावं. १९५९ पासून मॅजिक लिव्हर (चावी भरणारी पंजाची कळ) आहे, रिव्हर्सिंग व्हीलची भानगडच नाही.

टिकटिक: त्यातही लिव्हरच्या टोकाला घाण बसली की चावी भरत नाही. आणि सीकोच्या ७एस२६ मशीनला तर हाताने चावी देताच येत नाही, ही चाचणी कशी करणार?

सीकोभक्त: एनएच३५ ला देता येते.

घाईतला_काटा: सीको नाहीये माझ्याकडे! कारागिराला नेमकं काय सांगू?

भिंगवाला: "ऑटोमॅटिक मॉड्यूल काढा, रिव्हर्सिंग व्हील्स धुवा किंवा नवीन टाका." रोटरसकट मॉड्यूल स्क्रू सोडून अख्खं उचलता येतं, बाकी मशीन उघडावं लागत नाही. धुऊनही पंजे सुटले नाहीत तर व्हील्स बदलायची, त्यांचं पोट उघडत बसू नये. टायमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळ तपासणारं यंत्र) असेल तर त्यात लिफ्ट अँगल (मशीननुसार भरायचा कोन) ५० अंश ठेवायला सांगा, ते यंत्र आपोआप ५२ धरतं. पूर्ण चावीवर डायल वर असताना अँप्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २७० ते ३१० अंश हवं.

घरी आणल्यावर पूर्ण थांबू द्या. मग चावी न देता, डायल वर ठेवून गोल गोल १०० फेऱ्या फिरवा आणि टेबलावर ठेवा. दोनेक तास चाललं तर काम झालं. दहा मिनिटांत थांबलं तर तसंच परत न्या.

घाईतला_काटा: ती १०० फेऱ्यांची चाचणी आत्ताच केली. पंचवीस मिनिटं. उद्या मॉड्यूल काढायला देतो.

मध्यरात्र: तारखेचंही बघायला सांगा.