अंगात ताप, समोर गर्दी: ऑर्केस्ट्रावाल्यांनो, स्टेजवर चढावं का?

काळी_पाच (धागाकर्ता)

गणपती संपले की ऑर्केस्ट्रावाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक कौतुक हमखास फिरतं. "एकशे दोन ताप होता, तरी पूर्ण कार्यक्रम गायली. याला म्हणतात कलाकार!" खाली टाळ्या आणि जोडलेले हात. यंदा ते आमच्याच गायिकेबद्दल होतं. मी त्या रात्री कीबोर्डवर होतो, म्हणून लिहितोय.

बाहेरून काय दिसलं? नऊवारी, हसरा चेहरा, वन्स मोअर. आतून असं होतं की तिसऱ्या गाण्यापासून वरचा स्वर लागेना. मी ट्रान्सपोझचं बटण दाबून गाणी खालच्या पट्टीत उतरवली. माझं काम एका बटणात झालं, पण बासरीवाल्याला दर वेळी पिशवीतून दुसरी बासरी शोधावी लागत होती आणि निवेदक बिचारा तेवढ्यात जुने विनोद ढकलत होता. कोरसवाल्या मुलीने अर्ध्या ओळी उचलल्या. मध्यंतरात एक पॅरासिटामॉल, आल्याचा तुकडा. विंगेत आयोजक उभे: "ताई, लावण्या राहिल्यात हां अजून."

माझं मत स्पष्ट आहे. ताप असेल त्याने चढू नये. आणि हा निर्णय ताप आलेल्या माणसावर सोडूच नये, बँडने घ्यावा. त्याला विचाराल तर तो "जमेल" असंच म्हणणार, कारण आपल्याकडे वाजवलं तर पाकीट, नाहीतर नुसती घरची खिचडी. ३१ मे २०२२ ला कोलकात्याच्या नझरुल मंचावर गाऊन उतरलेले गायक केके त्याच रात्री गेले. ५३ वर्षांचे होते. तेव्हा आठवडाभर सगळे हळहळले, बदललं काय?

मंडळाचा_खजिनदार

विंगेतला तो आयोजक म्हणजे मीच समजा, आणि माझंही ऐका. दारोदार फिरून वर्गणी गोळा होते. स्टेज, साउंड, लाइट, जनरेटर यांचे पैसे कार्यक्रम झाला काय, न झाला काय, द्यावेच लागतात. आणि "पुढच्या शनिवारी करा" हे म्हणायला सोपं आहे. रात्री दहानंतर बारापर्यंत स्पीकर लावायची सवलत सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं. ते दिवस आधीच ठरलेले. तारीख हुकली की गेली. संध्याकाळी सहाला फोन येतो, "गायिका आजारी आहे", आणि आठला समोर दोन हजार खुर्च्या. तुम्ही काय कराल सांगा.

काळी_पाच

दादा, सहाला फोन आला तर मीही तुमच्याइतकाच घाबरेन. पण तिला ताप आदल्या रात्रीपासून होता. आम्ही आदल्या रात्रीच फोन का केला नाही? कारण तुमच्याकडून विसार घेतलेला, आणि कागदावर आजारपणाबद्दल एक अक्षर नाही. कागद तरी कुठे असतो म्हणा. सगळं "शब्दावर". आदल्या रात्री फोन आला असता तर तुम्ही बदली गायिका चालवून घेतली असती का, हे खरं सांगा.

मंडळाचा_खजिनदार

बदली चालली असती. पण बॅनरवर फोटो हिचा आहे, त्यामुळे पाकीटही कमी झालं असतं.

जुना_तबलजी

मुलांनो, तुमच्या पिढीला ताप फार लवकर येतो. १२ मार्च १९११ आठवा. 'मानापमान'चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग थांबवला नाही. विठाबाई नारायणगावकर फडावर नाचता नाचता आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या. या लोकांनी कला जिवंत ठेवली म्हणून आज तुम्ही कीबोर्ड वाजवताय. एकशे दोन तापाचं काय घेऊन बसलात!

ढोलकीची_लेक

काका, विठाबाईंची गोष्ट अर्धीच सांगितलीत, सगळे अर्धीच सांगतात. आमच्या घरात ती पूर्ण सांगतात. त्या परत आल्या तेव्हा पोट दिसेना, म्हणून लोकांनी विचारलं. काय झालं ते कळल्यावर त्याच प्रेक्षकांनी आदराने खेळ थांबवायला लावला, "बाई, विश्रांती घ्या" म्हणून. म्हणजे तंबूतल्या लोकांना जे कळलं ते आज व्हॉट्सअ‍ॅपवर टाळ्या वाजवणाऱ्यांना कळत नाही. आणि त्या बाई का उभ्या राहिल्या हेही बोला ना. अख्खा फड त्यांच्या नावावर जेवत होता. उतारवयात त्यांचे पैशाचे हाल झाले ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तेव्हा हे कौतुक कुठे होतं?

जुना_तबलजी

हाल झाले हे खरं. पण बालगंधर्वांच्या गोष्टीला तुझ्याकडे उत्तर नाही.

ढोलकीची_लेक

नाही. त्यावर मी काय बोलणार? ते त्यांचं दुःख होतं आणि निर्णयही त्यांचाच. पण त्याचा नियम करून तो दुसऱ्याच्या आजारी पोरीला लावू नका एवढंच.

डबल_बेस_ड्रम

रॉकवाल्यांकडून एक उदाहरण. १२ जून २०१५, स्वीडनमधलं गोथेनबर्ग. फू फायटर्स बँडचा गायक डेव्ह ग्रोल दुसऱ्याच गाण्यात स्टेजवरून खाली पडला, पाय मोडला. तो मागे गेला तेव्हा बँड थांबला नाही, ड्रमर टेलर हॉकिन्सने गाणी उचलली. मग ग्रोल परत आला आणि डॉक्टरने पाय धरून ठेवलेला असताना त्याने बसून कार्यक्रम पूर्ण केला. बँड असावा तर असा!

फेडर_खाली

मी साउंडवाला. हीही गोष्ट अर्धीच. त्यानंतरचे युरोपातले कार्यक्रम त्यांनी रद्द केले. त्यात लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम होतं, ग्लास्टनबरी महोत्सव होता. जुलैत परतला तो सिंहासनासारखी खास खुर्ची करून. आपल्या गायिकेला दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसवून पुढच्या गावी नेतात. तिला उशीसुद्धा मिळत नाही, खुर्ची सोडा.

बाकी माझी तक्रार वेगळी आहे. एका टेम्पोत नऊ जण, एका बाटलीचं पाणी, आणि निवेदक, गायक, गायिका, मंडळाचे अध्यक्ष, बक्षीस घ्यायला आलेला चिमुकला, सगळे एकाच हॅन्डमाईकवर. एकाला ताप आला की नवरात्रीपर्यंत अख्खा बँड शिंकतो. हा तिच्या एकटीच्या हिमतीचा प्रश्न आहे असं समजू नका. मी दोन गाण्यांच्या मध्ये माईकची जाळी पुसतो तर लोक मलाच हसतात.

कान_नाक_घसा

डॉक्टर आहे, हौशी गातोही. सर्दी-तापात स्वरतंतू सुजतात. सुजलेल्या तंतूंवर जोर लावून गायलं तर आतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. बरेचदा दुखत नाही, फक्त आवाज एकदम जातो. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. स्टेजआधी स्टेरॉइड टोचून घेण्याची टूम आहे. त्याने सूज उतरते, गाता येतं आणि इजा झाकली जाते, म्हणून माणूस आणखी ताणतो. दिवसभर कुजबुजत राहणं म्हणजे आवाजाला विश्रांती नव्हे, त्यानेही ताण पडतो.

इंग्लंडची गायिका अडेल हिच्या स्वरतंतूंवर २०११ मध्ये शस्त्रक्रिया झाली. २०१७ मध्ये वेम्ब्लीच्या चार रात्रींपैकी शेवटच्या दोन तिने रद्द केल्या. तिला ते परवडतं, हे तुम्ही म्हणाल त्याआधी मीच म्हणतो.

वादकांनीही निर्धास्त राहू नये. विषाणूच्या तापात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, म्हणून खेळाडूंना तापात धावू नका असं सांगतात. तासन् तास ड्रम किंवा ढोल वाजवणं धावण्यापेक्षा कमी नाही. एक दुरुस्ती मात्र करतो. केकेंच्या बाबतीत शवविच्छेदनात हृदयविकाराचं कारण समोर आलं. ते "ताप असताना गायले म्हणून गेले" असं नाही. उदाहरण जपून वापरा.

काळी_पाच

मान्य. माझा रोख अंगाने दिलेल्या इशाऱ्याकडे होता, पण तुमची ओळ तशीच राहू द्या.

वरचा_सा

ती मी. नाव सांगत नाही, पण बँडमधल्यांना कळेलच.

माझ्याबद्दल एवढी चर्चा चाललीय आणि मला कोणी विचारलं नाही. मला गायचं होतं. डोकं गरगरत होतं, तरी पुन्हा तशी वेळ आली तर बहुतेक पुन्हा गाईन. बँडने ठरवावं म्हणताय, म्हणजे कोणी ठरवावं? सात पुरुष आणि कोरसची पोरगी? एकदा तुम्ही मला "आराम कर" म्हणून उतरवलंत की पुढच्या वेळी बुकिंगच्या फोनवर कोणीतरी म्हणणार, "ती जरा नाजूक आहे हो, दुसरी बघा." बाईच्या बाबतीत हा शिक्का फार पटकन बसतो. पाळीच्या दिवसांत कंबर मोडत असताना लावण्या गायलेय, तेव्हा कोणी धागा काढला नाही.

आणि बॅनरवर फोटो माझा. बदली उभी राहिली आणि ती चांगली गायली तर?

काळी_पाच

ताई, तुझं शेवटचं वाक्य फार खरं आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पैशाचा मात्र आहे. दर कार्यक्रमातून प्रत्येकाने थोडं बाजूला टाकायचं. जो आजारी पडेल त्याला अर्धी नाईट, म्हणजे त्या कार्यक्रमाचं अर्धं मानधन, त्यातून, आणि बदली कलाकाराला आयोजकाकडून पूर्ण. मग "जमेल" म्हणताना घरभाडं तरी डोळ्यांसमोर येणार नाही.

वरचा_सा

अर्ध्या नाईटमध्ये अर्धंच भाडं भागतं. आणि हे पैसे सांभाळणार कोण, तूच ना? गेल्या वर्षीच्या जेवणाच्या हिशोबाचं काय झालं ते आधी सांग.

फेडर_खाली

😂 हा प्रश्न पिन करा.

बॅन्डमास्तर_सांगलीकर

आमचा वरातीचा ब्रास बॅन्ड. मे महिन्यात झालर लावलेला कोट घालून दुपारी दोनला ट्रम्पेट फुंकत चालायचं, तुम्हाला काय सांगायचं. आमच्यात ताप आला की माणूस घरी. यात माया-बिया काही नाही. चार ट्रम्पेट असतात, तीन वाजले तरी वरातीत कोणाला पत्ता लागत नाही. आणि ऊन-तापात माणूस रस्त्यात पडला तर नवरदेवाचा बाप सुपारीचे उरलेले पैसे देत नाही, हा अनुभव आहे. तुमच्यात प्रत्येक जागेला एकच माणूस, तिथंच तुमचं अडतंय. दोन गायिका ठेवा की कायमच्या. आलटून पालटून गाऊ द्या. फोटो दोघींचे लावा.

मंडळाचा_खजिनदार

दोघींचं मानधन कोण देणार मास्तर?

बॅन्डमास्तर_सांगलीकर

डीजेला किती देता ते सांगा, मग बोलू.

सॅन_होजेकर

इकडे अमेरिकेत, बे एरियात भारतातून कलाकार येतात तेव्हा आमचं मंडळही हेच करतं. वीस-बावीस तासांचा प्रवास, उतरल्या दिवशी साउंडचेक, शनिवारी कार्यक्रम, रविवारी दुसऱ्या शहरात. जेटलॅगने डोळे मिटतात आणि आम्ही सेल्फीला रांग लावतो. एक मोकळा दिवस ठेवू या म्हटलं तर हॉटेलचा खर्च कोण करणार यावर समितीची बैठक आधी गाजते आणि मग फिसकटते. एवढंच सांगायचं होतं.

जुना_तबलजी

ढोलकीच्या लेकीला एक सांगायचं राहिलं. विठाबाईंचा खेळ थांबवणारे प्रेक्षक होते, हे तू बरोबर सांगितलंस. पण थांबवायला आधी त्या पुन्हा उभ्या तर राहिल्या. मी माझं मत बदलणार नाही. त्या आजारपणाच्या वर्गणीच्या डब्यात मात्र माझे पाचशे टाका.

काळी_पाच

काका, टाकले. ताई, जेवणाचा हिशोब रात्री गटावर टाकतो.

डबल_बेस_ड्रम

विषयांतराबद्दल माफी. ठाण्यात आठव्या माळेला ढोलकवाला हवाय. आमच्याला कालपासून ताप आहे, घरी पाठवलाय. पाकीट ठरलेलं, येण्या-जाण्याचं वेगळं. सर्दी असेल तर फोन करू नका.