उत्तर: जर्सीचा पौंड आणि तेरा पेनींचा शिलिंग

जर्सी म्हणजे इंग्लंड-फ्रान्सच्या मधलं, ब्रिटिश राजसत्तेखालचं बेट. 'जर्सीचं चलन म्हणजे ब्रिटिश पौंडच, फक्त चित्रं वेगळी' हे वर आलेलं मत आजच्या दरापुरतं बरोबर आहे. पण इतिहासाला ते लावता येत नाही. 1834 साली तिथे लीव्र हे जुनं फ्रेंच चलन जाऊन पौंड आला, तरी लोकांच्या हातात सू ही जुनी फ्रेंच तांब्याची नाणी तशीच राहिली, आणि पौंडाचे सू ठरले 520. पौंडाचे शिलिंग वीस, म्हणजे एका शिलिंगाचे सू 26, आणि दोन सूंची एक पेनी. त्यामुळे 1841 साली बेटाने स्वतःची तांब्याची नाणी पाडली ती शिलिंगाचा 1/13, 1/26 आणि 1/52 भाग अशी! इंग्लंडात शिलिंगाच्या पेनी बारा, इथे तेरा. सोळा आण्यांच्या रुपयात वाढलेल्या माणसालाही हा हिशेब जडच गेला असता. 1877 मध्ये हा घोळ संपला आणि 1/12 चं नाणं आलं.

नोटांबद्दल अजून कुणी लिहिलेलं दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या काळात नाण्यांचा तुटवडा पडला, म्हणून 1941-42 मध्ये बेटाने सहा पेन्सपासून एक पौंडापर्यंतच्या कागदी नोटा काढल्या. त्यांची चित्रं एडमंड ब्लॅम्पीड या स्थानिक चित्रकाराची. संग्राहकांनी सहा पेन्सची नोट जरूर पाहावी.