पुस्तकांचा खर्च कसा आवरायचा? (सोसायटीचा ग्रुप, रत्नागिरी)

बी-204 वहिनी: मंडळी, एक विचारू? पुस्तकांवर महिन्याला दीड-दोन हजार सहज उडतात. दोनशे पानांचं पुस्तकसुद्धा हल्ली तीनशेच्या खाली मिळत नाही. वाचन कमी करायचं नाहीये, खर्च कमी करायचाय. तुम्ही कसं जमवता?

ए-101 काका: जिल्हा नगर वाचनालयाचं सभासदत्व घ्या की. 1828 सालची संस्था आपल्या दाराशी आहे.

बी-204 वहिनी: आहे हो काका, सभासदच आहे. पण आवडलेलं पुस्तक परत करवत नाही. मग विकत घेते.

ए-101 काका: मग चांगलंच आहे! आधी वाचनालयातून आणायचं, पुन्हा वाचावंसं वाटलं तरच घ्यायचं. पैसे जातात ते परीक्षण वाचून, न चाळता मागवलेल्या पुस्तकांवर. आवडत्या लेखकाचं येणार हे नक्की असेल तर प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदवा.

सी-302 (रोहनचे बाबा): आणि छापील पुस्तकावर जीएसटी नसतो. बिलात कुणी लावलाच तर विचारा.

सी-302 रोहन: एका चॅनलवर सगळी नवीन मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. लिंक टाकू?

सेक्रेटरी: ग्रुपवर नको. प्लीज.

बी-103 मॅडम: रोहन, नको रे बाळा. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला कित्येकदा वर्षं लागतात, त्यात लेखकाच्या हाती काय येत असेल? फुकटच वाचायचं तर हक्काचं भरपूर आहे. लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो, त्यानंतर पुस्तक सगळ्यांचं. आपल्या मालगुंडचे केशवसुत 1905 साली गेले, हरिभाऊ आपटे 1919 ला. साने गुरुजी 1950 ला गेले, म्हणजे 2011 पासून मोकळे. ‘श्यामची आई’ इतक्या प्रकाशकांची, इतक्या स्वस्तात मिळते ती त्यामुळेच. शिवाय मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं शासनाच्या संकेतस्थळावर आहेत, खुशाल वाच.

सी-302 रोहन: ओके मॅडम 🙏

ए-303 दादा: मी मुंबईला गेलो की फोर्टात फुटपाथवरून जुनी उचलतो. पिशवी भरून येते, नव्याच्या पाव किमतीत.

ए-001 काकी: जुनी पुस्तकां घेतास ता बरा, पण पावसात ठेवतलास खंय?

ए-303 दादा: 😂 कपाटात, काकी.

ए-001 काकी: हसू नको. आमच्या मालवणच्या घरात सासऱ्यांची दोन कपाटं वाळवीने खाल्ली, म्हणून सांगते. जुनं पुस्तक आणलंस की तडक कपाटात घालायचं नाही. कसर त्यातूनच येते. गच्चीत सावलीला, वाऱ्यावर उघडून ठेव. कडक उन्हात नको, पानं पिवळी पडतात. पान न् पान झाड, शिवणीत बघ. आठवडाभर वेगळं ठेवून मगच बाकीच्यांत मिसळ. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची, ओल तिथूनच येते. पुस्तकं गच्च कोंबायची नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तर मुळीच नाही, आत घाम धरतो नि बुरशी येते. वेखंडाच्या कांड्या फडक्यात बांधून ठेव, दर पावसाळ्याआधी बदल. आणि श्रावणात ऊन पडलं की दारं उघडी टाक.

बी-204 वहिनी: काकी, हे आधी सांगायचंत ना! माझं कपाट पश्चिमेलाच आहे.

ए-101 काका: काकींचं अगदी पटलं. आपल्याकडे पुस्तक स्वस्तात घेण्यापेक्षा ते चार पावसाळे टिकवण्यात जास्त पैसे वाचतात. ज्यांना जमणार नाही त्यांनी सरळ वाचनालयावर भागवावं, वाळवीचा हिशोब त्यांच्याकडे 😄

बी-103 मॅडम: पुण्याहून पुस्तकं मागवणाऱ्यांसाठी: पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ मे 2025 मध्ये सुरू झाली. तेव्हाचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर. जमिनीवरून येतं, त्यामुळे घाई नसेल तरच. पावसात पाठवणाऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळायला सांगा, घरी आल्यावर लगेच काढा (काकी वाचतायत).

ए-001 काकी: वाचतंय 👍

ए-303 दादा: दिवाळी अंकांचं काय? दोन-तीन घेतले की हजाराला भोक.

बी-204 वहिनी: प्रत्येक घराने एकेकच घ्यायचा, पण वेगळा. मग फिरवायचे. 1909 ला ‘मनोरंजन’ने पहिला काढला तेव्हा घरोघर एकच अंक पुरत असेल, आता नाही पुरत.

सेक्रेटरी: फिरत्या अंकांसाठी जिन्याखाली कपाट ठेवायला कमिटीची हरकत नाही.

ए-001 काकी: जिन्याखाली? जूनमध्ये तिथे चपला तरंगतात.

सेक्रेटरी: बरं, दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या बाजूला. तिथली भिंत आतली आहे.

ए-101 काका: वही मी ठेवतो. कोण कुठला अंक घेणार ते घ्यायच्या आधी इथे लिहा, नाहीतर पाच घरांत तोच अंक येईल. आणि वाचताना पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला पुढचा अंक शेवटी.

सी-302 (रोहनचे बाबा): मग आमचा नंबर शेवटीच लिहा काका. रोहनची आई तेवढंच करते.