महिन्याचा किराणा कोठून भरावा? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही ठाण्यात राहतो. दहा मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या ॲपवरून खरेदी करणे आम्ही थांबवले आहे, कारण त्या घाईचा भार भर पावसात दुचाकी हाकणाऱ्या मुलांवर पडतो आणि ते आता पाहवत नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात सामील होऊन शेजारच्या कुटुंबांसह एकत्रित खरेदी करावी, हे मला मनापासून पटते. परंतु २०२० च्या टाळेबंदीत ज्या कोपऱ्यावरच्या वाण्याने आम्हाला डाळ-तांदूळ उधारीवर दिले (आणि जो अजूनही सुटा माल कागदी पुड्यांत बांधून देतो), त्याच्याकडे जाणे बंद करणे कृतघ्नपणाचे वाटते. महिन्याची यादी दोघांत विभागणे व्यवहारात जमते का? संघाच्या सभासदांनी कृपया अनुभव सांगावा.