मदत हवी आहे: हाउसकीपिंगचा कोटा खोल्या मोजून न ठरवता कसा ठरवावा?

हॉटेलात हाउसकीपिंग करणाऱ्या बायकांचा रोजचा कोटा नुसत्या खोल्या मोजून ठरतो. पाहुणा राहत असलेली खोली आणि चेकआउटची खोली, दोन्ही ‘एक’च. पण चेकआउटला सगळ्या चादरी-अभ्रे बदलायचे, कपाट-ड्रॉवर आतून पुसायचे, बाथरूम पूर्ण घासायचं. वेळ सहज दुप्पट जातो. जादा गादी टाकलेली असेल तर विचारूच नका.

कोटा जड झाला की पहिली कात्री सुरक्षेवर चालते. ब्लीच मारून ते नीट न धुताच ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर ओतलं जातं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि दार बंद असलेल्या बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो. चादर खोचताना गुडघे वाकवून बसायला वेळ नसतो, म्हणून कंबरेत वाकूनच एका हाताने गादीचा कोपरा उचलतात. पाठ जाते ती इथे.

म्हणून गुणांवर आधारित तक्ता करतोय: राहती खोली 1, चेकआउट 2, जादा गादी अर्धा. अडलंय ते दोन ठिकाणी. भरलेली ट्रॉली घेऊन मजला बदलावा लागला तर किती गुण धरावेत? आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मुळे शिफ्टच्या शेवटी एकदम साचणाऱ्या खोल्या कुणाच्या नावावर टाकायच्या? ओव्हरटाइम न लिहिता त्या करून घेणं हा सरळ अन्याय आहे.

कुणी अशी पद्धत चालवली असेल तर कोरा तक्ता इथे टाकाल का?